उजवा कौल

यादोपंत पंतोजी जन्मभर बोलत आले. गप्प बसले ते एकदाच, आणि नेमकं त्याच वेळी बोलायला हवं होतं.

दर्यापूरपासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठी असलेल्या त्यांच्या गावात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर शाळा भरे. पंचवीस पोरं, पंचवीस धुळपाट्या आणि एक पंतोजी. पाट्या म्हणजे लाकडी फळ्या. त्यांवर बारीक माती पसरायची, बोटानं अक्षर काढायचं आणि हातानं पुसायचं. पोरं पाढे ओरडू लागली की पंतोजींना झोप लागे आणि ओरडणं थांबलं की दचकून जाग येई. निर्गुडीची छडी ते मारुतीच्या मूर्तीमागे उभी करून ठेवत. त्यामुळे पोरांची खात्री होती की छडी देवाची आहे, पंतोजी फक्त ती वापरायला आणतात. आवाज एवढा दणदणीत की पंतोजी ओसरीवर 'एकोणतीस' म्हणाले की नदीवर कपडे धुणाऱ्या बाया हसत म्हणत, "झाला सुरू एकोनतीसचा पाढा, सासूबाईच्या तोंडावानी."

ती वर्षं वऱ्हाडाला वेड लावणारी होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि इंग्रजांच्या गिरण्या वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे आ वासून बघू लागल्या. ज्या घरी फक्त दिवाळीला गव्हाची पोळी व्हायची, तिथली कुत्रीही आता भाकरीचा वास घेऊन तोंड फिरवू लागली. एकानं बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली आणि चोराच्या भीतीनं बैल घरात आणि स्वतः गोठ्यात झोपू लागला. गावचे पाटील नत्थुजी यांनी अमरावतीहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते वाचता येणारा गावात एकच माणूस, यादोपंत. आणि त्यांनाही ते येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी ते पाटलाच्या घरी जात, घड्याळासमोर हात मागे बांधून उभे राहत, दारातून सूर्याकडे चोरून बघत आणि गंभीरपणे वेळ सांगत. नत्थुजी मान डोलवी. दोघांनी लहानपणी एकाच वाडीतले चिबूड चोरले होते. मैत्री जुनी होती.

या नत्थुजीची तीन पोरं पाळण्यातच गेली. जगली ती थोरली मुलगी वच्छला आणि तिच्या पाठचा, सगळ्यांत धाकटा मुलगा. त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवला, सुपात घालून परत आणला आणि नाव ठेवलं उकंडा. यमाला वाटावं, हा केर आहे, याला कशाला न्यायचं. पोर गोरंगोमटं, हसरं आणि तोंडानं आगाऊ होतं. आठव्या वर्षी दसऱ्याला त्याची धुळपाटी पुजली आणि यादोपंतांचे हाल सुरू झाले.

उकंडा 'ग' काढू लागे आणि अर्ध्यावर थांबे. बोट मातीत रुतलेलं, डोळे उघडे, ओठ मात्र काही चाखल्यासारखे हलताहेत. पाच-दहा आकडे मोजावेत एवढाच वेळ. मग तो परत 'ग' पुरा करी. तोवर बाकीचा वर्ग 'ङ'पर्यंत पोचलेला असे.

"कुठं गेला होतास रे, पाटलाच्या पोरा?" पंतोजी गरजत.

"जरासाक भाईर गेलतो, गुरुजी."

"बाहेर? ढुंगण तर फळीपाशीच आहे तुझं!"

पोरं खिदळत. उकंडाही खिदळे. पंतोजी त्याला कान धरून उभा करत आणि बजावत, "लक्ष नाही, लक्ष!" असे दोन महिने गेले. काल पाठ असलेला पाढा आज त्याला येत नसे. परवाचा मात्र खडाखडा येई. समोर बैल दाखवला तर बोट बैलाकडे जाई, पण 'बैल' हा शब्द काही तोंडाशी येत नसे. मग तो स्वतःवरच वैतागून म्हणे, "अवं, तेच ते, ज्याले शेपूट असते." पंतोजींना वाटे, श्रीमंताचं पोर आहे, थट्टा करतंय. मारुतीमागची छडी त्या दोन महिन्यांत बरीच झिजली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी उकंडा म्हणाला, "गुरुजी, हाताले मुंग्या आल्या." पंतोजी म्हणाले, "मुंग्या येवोत नाहीतर मुंगळे, दोन दुणे चार कर." तेवढ्यात पोराची मान हळूहळू उजवीकडे वळू लागली, जणू कुणी हनुवटी धरून फिरवतंय. डोळेही तिकडेच गेले. मग तो ताठ होऊन पडला आणि अंग झटके देऊ लागलं. धुळपाटी उलटली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी नाकाशी धरायला जोडा काढला. सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे पंतोजी काहीच न करता ओरडत होते.

ओसरीसमोरच्या झाडाखाली अब्दुल सत्तार पिंजारी कापूस पिंजत बसे. त्याच्या धनुकलीचा ट्यांव-ट्यांव आवाज थांबला. तो उठून आला, जोडा बाजूला भिरकावला, पोराला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली आपल्याच पिंजलेल्या कापसाचा गोळा सारला.

"हटो सब. हवा सोडा." मग पोरं लांब झाल्यावर पंतोजींच्या कानाशी, "मिरगी है पंतोजी, फेफरं. ये छडी से नै जाती."

"तुला रे काय ठाऊक?"

"माझ्या सख्ख्या भावाले होती. पडायच्या आधी याची मुंडी कोनीकडे वळली? उजवीकडे ना? याद रखो. हर बार उजवीकडेच वळंल. माझ्या भावाची हर बार डावीकडे वळायची. त्या रोगाची वाट ठरेल असते, बैलाच्या घरच्या वाटेसारखी. अन् तो मधीच टकमक पाहत बसते ना, ते बी हेच हाय. छोटी मिरगी."

पंतोजी खाली बसले. दोन महिन्यांची छडी त्यांना आठवली. त्या दिवशी त्यांनी ती मारुतीमागून काढली, मोडली आणि घरी नेऊन चुलीत घातली. बायकोला सांगितलं, "ओली होती म्हणून मोडली," आणि गावाला सांगितलं, "पोराला नुसती घेरी येते." पंतोजींच्या खोटेपणाला असा एक निरुपद्रवी गोडवा होता. तो नेहमीच निरुपद्रवी राहिला असता, तर पुढची गोष्ट सांगावीच लागली नसती.

पुढचे सहा महिने यादोपंत उकंडाकडून शिकले. पंचवीस वर्षं शिकवून त्यांना कळलं नव्हतं ते या एका पोरानं कळवलं. तो टक लावून बसे तेवढा धडा त्याच्यापुरता झालेलाच नसे. म्हणजे लक्ष नसतं असं नाही. चाळणीत पाणी ओतून चाळणीलाच रागावण्यासारखं ते होतं. मोठा झटका आला की त्याच्या आधीचे दोन-तीन दिवसही पुसले जात, मात्र त्याहून जुनं शाबूत राही. झटक्याच्या दिवशी शिकवू नये. त्याला झोपू द्यावं आणि दुसऱ्या दिवशी चार धडे मागून सुरुवात करावी. शब्द सापडेना तर घाई करू नये. दहा आकडे थांबलं की बैल आपल्या पायानं येतो. आणि सगळ्यात नवल म्हणजे तोंड विसरलं तरी बोट विसरत नसे. 'ग' म्हण म्हटलं तर गप्प, पण बोट मातीत धरलं की आपसूक 'ग'.

दोघांत एक करारही झाला होता.

"मुंग्या आल्या की मी तुमाले सांगीन, गुरुजी. तुमी मले आवाज द्या. तुमी आवाज देल्ला ना, तं मले वापस यायची वाट दिसते."

हे वैद्यकशास्त्रात बसतं की नाही कुणास ठाऊक, पण पंतोजी मुंग्यांची बातमी येताच उजवीकडून पोराला धरत, आडवा करत आणि आपल्या त्या दणदणीत आवाजात हाक देत राहत, "उकंडाऽ, इकडे ये रे!" नदीवरच्या बाया म्हणत, "गेला वाट्टे पाटलाचा पोट्टा भाईर." पोर परत येई, डोळे चोळी आणि विचारी, "आज किती दूर गेलतो?" पंतोजी म्हणत, "वेशीपर्यंत." मोठा झटका असला तर, "अकोल्यापर्यंत."

वैशाखात उकंडानं हनुमान जयंतीच्या पोथीतली पहिली ओळ वाचली. बोट ठेवून, थांबत, मध्ये एकदा वेशीपर्यंत जाऊन येत, पण वाचली. यादोपंतांनी ठरवलं, पुढच्या हनुमान जयंतीला हा सगळ्या गावासमोर अख्खं पान वाचेल. उकंडाला ते एवढं पटलं की तो वाटेत भेटेल त्याला सांगू लागला, "मी पान वाचनार हाओ."

आता बापाला सांगणं भाग होतं. पोर विहिरीच्या काठावर खेळे, आईच्या चुलीपुढे बसे. पंतोजी नत्थुजीला नदीच्या वाळूत घेऊन गेले. आधी बेलाचं पान आणि भंडारा हातावर ठेवला. त्यावरची शपथ वऱ्हाडात मोडत नाहीत.

"नत्थू, पोराला मिरगी आहे हे तू गावात कुणाला सांगणार नाहीस, म्हण. वच्छलाचं लग्न व्हायचंय."

"कोनाले नाई सांगनार." बेलभंडारा कपाळाला लावून नत्थुजी ढसाढसा रडला. मग पंतोजींनी त्याला सगळं सांगितलं: आधी हाताला मुंग्या येतात, मग मान वळते, ती दर वेळी उजवीकडे. "त्याच बाजूनं धर, म्हणजे डोकं आपटणार नाही. उपाशी ठेवू नको, जागरण करू देऊ नको. त्यानंच जोर करतं ते."

"पंत," नत्थुजी नाक पुसत म्हणाला, "तुमी माह्या पोराचे दुसरे बाप हा."

पंतोजी त्या रात्री गाढ झोपले. आपला शब्द ज्यानं डोळ्यात पाणी आणून ऐकला, तो माणूस तो शब्द कुठं नेऊन ठेवील, हे कुणाला कळतं?

दिवाळीनंतर वच्छलाला बघायला तेल्हाऱ्याची मंडळी आली. पाहुणे तालेवार, कपाशीवाले. मुलगी पसंत पडली आणि गप्पा कापसावर आल्या. भाव चढतोय; कापूस अजून धरून ठेवावा का? मुलाचे वडील खुशालराव कपाळाला आठ्या घालून हाच प्रश्न विचारत असताना बैठकीच्या मधोमध उकंडाची मान उजवीकडे वळू लागली.

पाहुण्यांचे डोळे विस्फारले. मिरगीचं घर! लग्न उभ्या उभ्या मोडणार. नत्थुजीच्या तोंडून त्या क्षणी जे निघालं ते निघेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो हात जोडून ओरडला, "आली! देवी आली! पाहा, उजवा कौल!"

कौल त्या गावाला नवा नव्हता. गावदेवीच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा; उजवं आधी पडलं तर कामाला होकार, डावं पडलं तर नकार. इथं फुलाऐवजी पोराची मान वळली होती, एवढाच फरक. पाहुण्यांनी झटके खाणाऱ्या पोराच्या पाया पडून घेतलं. कापूस धरून ठेवला. महिन्याभरात मुंबईहून तारेनं आलेला भाव असा काही चढला, की तेल्हाऱ्याहून वच्छलासाठी शालू आणि उकंडासाठी चांदीची छत्री आली.

यादोपंत तणतणत पाटलाच्या घरी गेले. "बेलभंडारा उचलला होतास ना रे? शपथेचा माणूस ना तू?"

नत्थुजी शांत होता. "पंत, मी शपथ मोडली काय? मिरगी हाय असं मी कोनाले सांगतलं? एका जनाचं नाव सांगा."

"अरे, पण देवी आहे म्हणून सांगितलंस!"

"ते शपथेत नव्हतं." मग आवाज खाली आणून, "तुमीच सांगा, मिरगीच्या घरची पोरगी कोन करते? देवीच्या घरची सारे करतात. पोरगी उजवू द्या, मंग पाहू."

"आणि मान उजवीकडेच वळते हे मी तुला पोर धरण्यासाठी सांगितलं होतं!"

"धरूनच तं राहिलो," नत्थुजी म्हणाला.

वच्छलाचं लग्न झालं, पण 'मग पाहू' काही आलं नाही. आसपासच्या गावांतून गाड्या येऊ लागल्या. नारळ, खण, कोंबड्या. उकंडाला देवीपुढे पाटावर बसवत. पण देवी सवडीनं येई, आणि गाडीवाल्यांना घाई. तेव्हा नत्थुजीला पंतोजींचे शब्द आठवले: उपास आणि जागरण. मग कौलाच्या आदल्या दिवसापासून पोराला पाण्यावर ठेवू लागले. ढोल लावून जागवू लागले. ज्या दोन गोष्टींपासून जपायला सांगितलं होतं, त्याच दोन गोष्टींनी देवीला बोलावणं जाऊ लागलं. गंमत अशी, की गुपित ठाऊक असलेला नत्थुजीच सगळ्यात कट्टर भक्त झाला. वर्षभर भाव चढतच होता. दर वेळी उजवा कौल खरा ठरत होता. एवढं खरं ठरल्यावर माणूस स्वतःच्या थापेच्याही पाया पडतो.

उकंडाची आई पार्वताबाई एकदा ओसरीवर आली, पदर तोंडाशी धरून. "गुरुजी, तुमी यायले समजावा ना. पोट्टं मले 'आई' म्हनाच्या आधी थांबते. शोधते."

पंतोजी समजवायला गेले. नत्थुजीनं ऐकून घेतलं, मान डोलवली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची दक्षिणा म्हणून पंतोजींच्या घरी दोन बोजे कापूस पोचता केला. आजवर पायलीभर ज्वारीवर शाळा चालवलेल्या माणसानं तो पांढराशुभ्र डोंगर पाहिला. 'परत पाठवावा,' असं ते तीन दिवस मोठ्यानं म्हणाले. चौथ्या दिवशी बायकोचं जुनं लुगडं त्यावर पांघरलं, उंदीर लागू नयेत म्हणून.

उकंडा शाळेत येई तो आता आठवड्यातून एखाद्या दिवशी. आठवणींची पानगळ लागली होती. आधी पोथीची ओळ गेली, मग जोडाक्षरं, मग बाराखडी. ज्या वेगानं आलं होतं त्याच्या दुप्पट वेगानं निघून गेलं. डोळ्यांखाली काळं, जीभ चावून सुजलेली. पण अजून सांगे, "मी पान वाचनार हाओ, नाई गुरुजी?" कोणतं पान, ते मात्र त्याला आठवत नसे.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीनंतरचा मोठा कौल ठरला. सकाळी देवीपुढे पाच गावं जमली. कापूस वेचून घरोघर भरला होता. अजून धरून ठेवायचा का, एवढाच सवाल. उकंडा पाटावर, ओठ कोरडे. ढोलवाले रात्रीपासून थकलेले. यादोपंत पुढच्या रांगेत बसले होते. शिकलेल्या माणसाला पुढं बसवतात.

तेवढ्यात गर्दीतून अब्दुल सत्तार उठला. "पाटील, रागावू नका. मी पिंजारी मानूस, कापसाशी पोटाची गोष्ट. पन मले एक सांगा, हर बार उजवाच कसा? फुलाचा कौल कदी उजवा पडते, कदी डावा. अमरावतीले लोक बोलून राहिले, लढाई मिटनार. माह्या घरचा हाय तेवढा मी इकून टाकला." मग तो पंतोजींकडे वळला. "पंतोजी, तुमी शिकले-सवरले. तुमच्या वसरीवर हा वरीसभर पडला. सांगा पाच गावांले. इसकी मुंडी कदी डावीकडे वळली?"

सगळ्या माना पंतोजींकडे फिरल्या. नत्थुजीची तर आधी. पाटलाच्या घराबाहेर पाच गावांत हे खरं दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतल्या एकानं प्रश्न केला होता, आणि दुसऱ्यानं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एकोणतीसचा पाढा नदीपार पोचवणाऱ्या गळ्याला एवढा शब्द जड नव्हता.

पंतोजींना वच्छला आठवली. ती आता तेल्हाऱ्याला नांदत होती. त्यांना चिबूड चोरणारा नत्थू आठवला. आणि घरच्या कोपऱ्यातलं लुगडं पांघरलेलं ते पांढरं ढिगारडं आठवलं. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी पुढं अनेकांना सांगितल्या. तिसरी बायकोलासुद्धा सांगितली नाही.

"गुरुजी," पाटावरून बारीक आवाज आला. "मुंग्या आल्या."

उकंडा त्यांच्याकडेच बघत होता. वाट बघत होता. पंतोजींनी कमरेची तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं आणि मान खाली घालून तीत काहीतरी शोधू लागले. डबीत तपकीर होती. दुसरं काय असणार?

पोराची मान हळूहळू उजवीकडे वळली. पाच गावांनी जयजयकार केला. सत्तार उठून निघून गेला. पंतोजींनी हाक दिली नाही, आणि त्या दिवशी उकंडा संध्याकाळपर्यंत परत आला नाही. एकामागून एक झटके येत राहिले.

शिमग्याच्या सुमाराला दर्यापूरच्या बाजाराला गेलेली पहिली गाडी कापसानं भरलेलीच परत आली. मग दुसरी. लढाई मिटत आली होती, भाव विहिरीत पडला होता. कापूस घ्यायला कुणी आडत्या दारात उभा राहीना. चार दिवस गाव सुन्न होतं. पाचव्या दिवशी देवीपुढचा पाट कुणीतरी फोडला. चांदीची छत्री चोरीला गेली. बहुधा ज्यांनी पाया पडून नवस केले होते त्यांतल्याच कुणीतरी नेली. पोरं उकंडाला रस्त्यात बघून मान वेडीवाकडी करून दाखवू लागली. तेल्हाऱ्याहून खुशालरावांचा निरोप आला, की देवीच्या घरच्या सुनेला तूर्त माहेरी पाठवणं जमणार नाही.

आणि नत्थुजी? त्यानं सगळ्या गावासमोर चावडीवर बोट रोखलं ते यादोपंतांवर.

"यायनंच! यायनं माह्या पोराले बारखडी पाजली. देवीच्या तोंडात अक्षरं कोंबली, म्हून देवी कोपली अन् निघून गेली. मी कितीदा म्हटलं, नका शिकवू."

पंतोजींनी तोंड उघडलं. पण आता कुणी ऐकत नव्हतं. बोलायची वेळ संक्रांतीनंतर होती. त्यांच्या डोळ्यांपुढे नदीची वाळू आली, बेलाचं पान आलं, 'तुमी दुसरे बाप हा' आलं. लहानपणी चिबूड चोरताना पकडले गेले तेव्हा याच नत्थूनं सगळी चोरी यादोवर ढकलली होती, हेही चाळीस वर्षांनी पहिल्यांदा आठवलं. माणूस काही नवीन करत नाही. आपणच जुनं विसरतो.

पुढच्या महिन्यात ओसरीवर पंचविसातली सहा पोरं उरली. पंतोजींनी घरचं लुगडं उचललं. उंदरांनी पिल्लं घातली होती. उरलेला कापूस बायकोनं रेच्यावर घालून सरकी काढली, आणि पंतोजींनी डोक्यावरून वाहून तो झाडाखाली सत्तारपुढे टाकला.

"पिंजून दे. आणि एक गादी भर."

सत्तारनं ढिगाकडे पाहिलं, पंतोजींकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. "अच्छा," तो म्हणाला, "इसके वास्ते डबी खोली थी." आणि ट्यांव-ट्यांव सुरू केलं. मजुरी देऊ केली तर घेतली नाही, आणि ते न घेणंच पंतोजींना जास्त लागलं.

गादी ओसरीवर उकंडाच्या जागेच्या उजव्या अंगाला घातली. पार्वताबाईनं त्याला हाताला धरून आणून बसवलं. नत्थुजी घरी नव्हता. असता तरी आता त्याला त्या पोरात काही स्वारस्य उरलं नव्हतं. मूर्तीच्या गळ्यात हनुमान जयंतीचे हार सुकलेले होते. पान वाचण्याचा दिवस कधीच होऊन गेला होता.

पंतोजींनी धुळपाटीवर माती पसरली. "हं. काय आहे हे? म्हण."

उकंडा त्यांनी काढलेल्या अक्षराकडे बघत राहिला. पंतोजींनी दहा आकडे मोजले. वीस मोजले. बैल आला नाही.

मग त्यांनी पोराचं बोट धरून मातीत टेकवलं आणि सोडून दिलं. बोट थोडं घुटमळलं, वळलं, खाली उतरलं. 'ग' झाला. वाकडा, पण 'ग'. पंतोजींनी पाटी त्याच्याकडे सरकवली.

उकंडानं अक्षराकडे पाहिलं आणि बऱ्याच महिन्यांनी हसला. "गुरुजी, मी लय दूर गेलतो, नाई?"

"हो रे."

"अकोल्याच्या बी पुढं?"

"पुढं."

पोर विचारात पडलं. त्याच्या त्या गळक्या डोक्यातून पाढे गेले होते, पोथी गेली होती, देवी होतो तेही गेलं होतं. पंतोजींनी मनातल्या मनात मारुतीला म्हटलं, त्या दिवशीची डबीही गेलेली असू दे.

"मंग तुमी मले आवाज काहून नाई देल्ला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणी आपल्याला वाट दाखवायचं विसरलं तर विचारावं, तसं त्यानं विचारलं होतं. झाडाखालची धनुकली थांबली होती. यादोपंतांनी कमरेकडे हात नेला, डबीला लावला आणि काढून घेतला.

"पुन्हा काढ," ते म्हणाले. "ग."